लोन करून देतो म्हणून ७३,८१२ रुपयांना बुडवलं, माझ्यासारखं डोळे मिटून भरू नका

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज. मी एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर टॅलीवर बिलांच्या एंट्र्या करते, जीएसटीचे नंबर तर झोपेत सुद्धा टाईप करीन. आणि मीच फसले. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आधी परिस्थिती सांगते म्हणजे "एवढं पण कळलं नाही का" विचारायच्या आधी जरा थांबाल. नवरा चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत सुपरवायझर होता, पगार हातात ४१,००० यायचा. मे २०२४ मधे एका शुक्रवारी अकरा जणांना केबिनमधे बोलवून राजीनामे लिहून घेतले. काढलं नाही हं, राजीनामा लिहून घेतला, म्हणजे कंपनीवर काही येत नाही. माझा पगार १६,५००. घराचा हप्ता १८,६४०, पर्सनल लोन ९,८७०, गाडीचा ३,२१५ आणि क्रेडिट कार्डावर १,४२,००० थकलेले, त्याचं नुसतं मिनिमम ७,१०० च्या आसपास. बेरीज तुम्हीच करा. जुलैपासून हप्ते बाऊन्स व्हायला लागले, प्रत्येक बाऊन्सला बँक ५९० कापणार, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडूनच अजून घ्यायचे. सकाळी आठला रिकव्हरीचा पहिला फोन, शेजारच्या काकूंना पण एकदा केला त्या लोकांनी. (रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर रिकव्हरीवाल्याने फोन करायचा नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत तुमची अब्रू काढायची नाही. हे मला सगळं संपल्यावर कळलं. तुम्ही आजच लक्षात ठेवा.)

अशात रात्री साडेअकराला मोबाईलवर जाहिरात दिसली, सगळी लोन एकत्र करा, सिबिल (म्हणजे कर्ज फेडण्याचा स्कोअर) खराब असला तरी चालेल. मी फॉर्म भरला. तो फॉर्म भरला नसता तर. असो.

२७ ऑगस्ट, दहीहंडीचा दिवस, बाहेर डीजे चालू आणि फोन आला. मुलगा स्वच्छ मराठीत बोलत होता, पहिल्या फोनला मॅडम, दुसऱ्यापासून ताई. एका मोठ्या फायनान्स कंपनीचं नाव सांगितलं, जिच्या जाहिराती टीव्हीवर येतात. ६ लाख रुपये, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता १२,६०१. मी कॅल्क्युलेटरवर काढून बघितला, बरोबर १२,६०१. आणि तिथेच मी विरघळले, कारण आकडा बरोबर आला ना! घराचा सोडून पर्सनल लोन, गाडी आणि कार्डाचं मिनिमम, असे वीस हजाराच्या वर जाणारे तीन हप्ते जाऊन तिथे बारा हजार सहाशे, वर कार्ड पण पूर्ण फिटणार. आता वाटतं चोराला कॅल्क्युलेटर वापरता येतो यात काय विशेष.

पुढचं काय होतं ते तुम्हाला माहितीये, सगळीकडे तेच असतं. २८ ला फाईल चार्ज २,३६०. ३० ला लोनचा इन्शुरन्स १४,७५०, हे मुलाच्या क्लासच्या फीचे ठेवले होते. २ सप्टेंबरला दोन हप्ते ॲडव्हान्स, रिफंडेबल म्हणे, २५,२०२, त्यातले पंचवीस हजार दादाकडून घेतले, त्याला खोटं सांगितलं की घराच्या हप्त्याला पाहिजेत. ४ ला रिझर्व्ह बँकेच्या एनओसीचे, म्हणजे ना हरकत पत्राचे, ३१,५००, त्यासाठी माझ्या पाटल्या गोल्ड लोनला गेल्या. एकूण ७३,८१२. रिझर्व्ह बँक कोणाच्याही लोनला एनओसी देत नाही. कोणाच्याही नाही. आणि पत्रावर अशोकस्तंभ छापलेला बघून आपण गार होतो.

२ तारखेला पिठोरी अमावास्या होती. सासूबाई म्हणाल्या, आज अमावास्या आहे गं, आज पैसे नको देऊस कुणाला. मी मनात हसले. त्यांचं कारण चूक होतं पण सल्ला बरोबर होता, आणि आता त्या हे मला दर अमावास्येला ऐकवतात.

आता मुख्य गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. ३० तारखेला इन्शुरन्सचे पैसे भरल्यावर मी त्याला म्हटलं, मला रीतसर पावती पाहिजे. मला वाटलं मी किती हुशार. त्याने पाच मिनिटात पीडीएफ पाठवली. मी ऑफिसातच होते, समोर टॅली उघडं होतं, पावती मोबाईलवर. ऑफिसचा पत्ता अंधेरी, मुंबई. खाली जीएसटी नंबर, सुरुवात ०७ ने.

महाराष्ट्राचा कोड २७ आहे. मी रोज शंभर वेळा २७ टाईप करते. ०७ दिल्लीचा. माझं बोट त्या आकड्यावर होतं अक्षरशः, स्क्रीन झूम केलेली, आणि मी मनात काय म्हटलं असेल, तर हेड ऑफिस दिल्लीला असेल. बरं एवढ्यावर थांबत नाही. जीएसटी नंबरात पहिल्या दोन आकड्यांनंतर त्या पार्टीचा पॅन असतो, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो माणूस आहे का कंपनी. कंपनीला सी, माणसाला पी. म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं अक्षर. तिथे पी होता. एवढी मोठी फायनान्स कंपनी आणि पॅन एका माणसाचा. हे मी आमच्या ऑफिसात आलेल्या नवीन मुलीला स्वतः शिकवलंय, वहीत लिहून दिलंय. आणि मला ते दिसलं, खरंच दिसलं, डोक्यात कुठेतरी टिकटिक पण झाली, आणि मी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. कारण तोपर्यंत १७,११० गेले होते आणि ते बुडाले असं मान्य करायची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा दिल्लीचं हेड ऑफिस सोपं होतं.

त्याच्या आधी अजून एक. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी नाव येतं ना, तिथे नाव आलं होतं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणे ताई ते आमचं कलेक्शन पार्टनर आहे. कलेक्शन पार्टनर! आणि मी पिन टाकला. यूपीआयवर जे नाव दिसतं तेच खरं, फोनवरचा माणूस काय सांगतो ते नाही. दुकानाचं नाव आलं, कुठल्या अनोळखी माणसाचं आलं, की तिथेच बॅक दाबायचं.

नवऱ्याला मी सांगितलं नव्हतं. का, तर त्याचं तोंड आधीच उतरलेलं होतं, सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा म्हणजे सोसायटीत कळू नये, आणि दुपारी कुठेतरी बागेत बसून तो डबा खायचा. मला वाटलं ६ लाख खात्यात आले की एकदमच सांगीन, त्याला बरं वाटेल. ही माझी चूक असेल तर असू दे.

६ सप्टेंबर, हरतालिका. माझा उपास. त्या लोनवाल्याचा फोन, ताई सिस्टिममधे तुमचं अकाउंट होल्ड झालंय, ४८,००० भरा, उद्या गणपती बसायच्या आत ६ लाख अधिक सगळं रिफंड. मी म्हटलं मला लोन नको, कॅन्सल करा, माझे पैसे परत द्या. तर म्हणे कॅन्सलेशनचे पण ४८,०००. तेव्हा कुठे पाय गळाले. मी किचनमधे खाली फरशीवर बसले आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, आधी का नाही बोललीस. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता पुढची वरात ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, लागायला दीड तास. लागला तर त्या बाईंनी प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी यूटीआर नंबर (त्या त्या पेमेंटचा ओळख नंबर) मागितला, मी शोधेपर्यंत फोन कट. परत सुरुवातीपासून. म्हणून सांगते, आधी चारही ट्रान्झॅक्शनचे यूटीआर कागदावर उतरवून घ्या मग फोन करा. आणि लगेच करा, त्याच तासात, मी शेवटच्या पेमेंटनंतर दोन दिवसांनी केला तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. ११,२०० तेवढे कुठल्यातरी खात्यात अडकले, लीन लागला, म्हणजे बँकेने ते गोठवले.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. घरी गणपती बसवून दुपारी पोलीस स्टेशनला गेलो. तिथे सगळा स्टाफ बंदोबस्ताला. जे एक साहेब होते ते म्हणाले सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे ७३ हजारच का, ही रक्कम लोकललाच घेतात. परत लोकलला. "ताई, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? मग चोरी कुठे झाली?" हे मला एका वर्दीतल्या माणसाने विचारलंय. अहो चोरी नाही, फसवणूक आहे, त्याचं कलम आहे, नवीन कायद्यात ३१८, जुन्यातलं ४२०, सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेलं, आणि मी तुम्हाला सांगायचं? शेवटी तक्रार अर्ज घेतला, एफआयआर नाही. अर्जाला तीन झेरॉक्स, झेरॉक्सचं दुकान बंद, सणाचा दिवस. एक हवालदार जरा चांगले होते, त्यांनी आतल्या प्रिंटरवर काढून दिल्या आणि हळूच म्हणाले ताई अर्जाची पोच घेतल्याशिवाय जाऊ नका. हे लक्षात ठेवा, पोच. शिक्का आणि तारीख. ती नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

बँकेची वेगळीच तऱ्हा. डिस्प्यूट फॉर्म भरला, अकरा दिवसांनी उत्तर, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, बँक जबाबदार नाही. आणि ते नियमाने बरोबरच आहे, बँकेची जबाबदारी येते ती तुमच्या नकळत पैसे गेले तर. मान्य. पण ज्या दुकानाच्या नावाच्या खात्यात आठवड्यात माझ्यासारख्या कितीतरी बायकांचे पैसे येऊन लगेच जात होते, ते खातं उघडताना केवायसी कोणी केलं? माझ्या नवऱ्याचं पीएफचं क्लेम चेकचा फोटो पुसट आहे म्हणून दोनदा रिजेक्ट होतं आणि चोराचं खातं मात्र सुरळीत चालतं, हे कसं? अडकलेल्या ११,२०० साठी म्हणाले कोर्टाची ऑर्डर आणा. वकील अर्जाचे ५,००० सांगतो.

पीएफवरून आठवलं, आणि हे जास्त झोंबतं. नवऱ्याच्या पीएफमधे १,८६,००० होते. तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के काढता येत होते, म्हणजे १,३९,५०० आमचेच हक्काचे पैसे जूनपासून समोर पडलेले. कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नव्हती म्हणून क्लेम होत नव्हतं, आणि आम्ही एचआरला फोन करत बसलो. ती तारीख दोन महिन्यांनी माणूस स्वतःच पीएफच्या साईटवर टाकू शकतो हे आम्हाला ऑक्टोबरमधे एका नेट कॅफेवाल्या मुलाने सांगितलं, १०० रुपये घेऊन. त्या शंभर रुपयांत आमचं जेवढं काम झालं तेवढं कोणत्याच ऑफिसात झालं नाही.

आणि घराच्या लोनवाल्या बँकेत आम्ही आधीच जाऊन बसायला पाहिजे होतं. लाजेने गेलो नाही. नंतर गेलो तर मॅनेजर म्हणाले नोकरी गेल्याचं पत्र आणा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का बघू. १८,६४० चा १५,९०० झाला. क्रेडिट कार्डवाल्यांशी पण थेट बोलता येतं, मधे एजंट लागत नाही, फक्त सेटलमेंट केलं, म्हणजे कमी रक्कम भरून मिटवलं, तर सिबिलवर "सेटल्ड" लागतं आणि ते पुढे नडतं, ते विचार करून करा. खरी लोन देणारी कंपनी फी घेते ना, ती लोनच्या रकमेतून कापून घेते आणि आधी सगळ्या चार्जेसचा कागद देते. लोन मिळायच्या आधी तुमच्या खिशातून यूपीआय करायला लावत नाही. एक रुपया सुद्धा नाही. कंपनी खरी आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या साईटवर यादी असते तिथे बघा, आणि नाव खरं असलं तरी फोन करणारा त्यांचाच आहे का ते त्यांच्या ब्रँचला जाऊन विचारा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही.

नवऱ्याला ऑक्टोबरअखेर नोकरी लागली, २९,००० वर. पीएफ आला त्यातून दादाचे दिले, त्याला खरं पण सांगितलं. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

परवा परत फोन. वेगळा नंबर, बाईचा आवाज, "सायबर रिफंड विभागातून बोलतेय, तुमचे अडकलेले पैसे सुटलेत, फक्त १,७७० प्रोसेसिंग भरा." म्हणजे माझा नंबर, माझी रक्कम, सगळं विकलं गेलंय. मी म्हटलं आधी जीएसटी नंबर सांगा. तिने सांगायला सुरुवात पण केली, पाच अक्षरं झाली आणि मी म्हटलं पुढचं सहावं सांगा. कट. नंबर लिहून घेतला आणि सकाळी ऑफिसला अर्धा दिवस दांडी मारून पोलीस स्टेशनला द्यायला गेले. साहेब नव्हते. विधानसभेच्या बंदोबस्ताला गेलेत म्हणे, वीस तारखेनंतर या.