नेरीस घेऊ का गांडूळ?

सांगलीत एमएस्सी करणारी मावसबहीण विचारतीये, न्यूरोपेप्टाइडनं (मज्जातंतूंतून निरोप नेणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी) स्नायू कसे हलतात यावर प्रोजेक्ट करायचाय, नेरीस हा समुद्री किडा घेऊ का गांडूळ?

आणायचा खर्च म्हणशील तर गांडूळच स्वस्त. नेरीससाठी आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, ओहोटीला चिखल उकरायचा, वर खारं पाणी गार ठेवायची कटकट. गांडूळखतातलं गांडूळ, म्हणजे आयसेनिया, मिरजेकडं कुठल्याही मळ्यात मिळतं.

आता खरी गंमत. एफएमआरएफअमाइड हे न्यूरोपेप्टाइड म्हणजे फक्त 4 अमिनो आम्लांची साखळी, 1977 साली शिंपल्यातून सापडली, आणि नेरीसच्या मज्जातंतूंत तिच्यासारखी पेप्टाइडं असतात, अन्ननलिकेवर तिचा परिणाम तपासलेलाय, त्यामुळं तुलना करायला जुनं काम हाताशी आहे. पण प्रयोगासाठी अंगाच्या स्नायूंची पट्टी कापायला गेलीस की पॅरापोडियाचे (अंगाच्या बाजूचे पायांसारखे भाग) तिरके स्नायू मध्ये लुडबुडतात, पहिल्यांदा हात थरथरणारच. गांडुळाला ती भानगडच नाही, शिवाय आतड्याच्या हालचाली वाढवणारं जीजीएनजी पेप्टाइड आयसेनियातच सापडलंय!

पेप्टाइडची कुपी दोन्हीकडं महागच.

एका सेमिस्टरात उरकायचं असेल तर गांडूळ घे. पुढं पीएचडी समुद्री जिवांवरच करायची असेल तरच नेरीसच्या नादाला लाग, आणि जाताना बर्फाचा डबा ने गं.