टॅनिंग बेड की टॅनिंग लोशन?

युरोप-अमेरिकेत गोऱ्या कातडीवर तांबूस छटा आणण्याचे हे दोन मार्ग रूढ आहेत; जोखमीच्या बाबतीत मात्र त्यांना एका पंगतीला बसवता येत नाही. टॅनिंग बेड म्हणजे आत झोपून छटा आणण्याचे यंत्र; त्याच्या नळ्यांतून मुख्यतः यूव्हीए हे अतिनील किरण बाहेर पडतात, ते त्वचेतील पेशींच्या डीएनएला इजा करतात आणि दिसणारी छटा हा त्या इजेलाच त्वचेने दिलेला प्रतिसाद असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या यंत्रांना तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या घटकांत टाकले. तरुण वयात सुरुवात करणाऱ्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका विशेष वाढतो. ब्राझीलने त्याच वर्षी या यंत्रांच्या सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली, ब्रिटनने मात्र १८ वर्षांखालील मुलांना मनाई करण्यावर भागवले, जे अपुरेच म्हणावे लागेल.

लोशनमधील डायहायड्रॉक्सीॲसिटोन हे रसायन त्वचेच्या वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावून रंग देते. भाजताना पाव तांबूस होतो, तीच ही जातकुळी. कोपर-गुडघ्यांवर हा थर जाड असल्याने तिथे रंग गडद उठतो, आणि साधारण आठवडाभरात तो उतरतो. लोशनऐवजी हेच रसायन असलेला फवारा घेत असल्यास तो श्वासावाटे आत जाऊ नये, याची काळजी हवी. या रंगामुळे उन्हापासून संरक्षण मिळत नाही, त्यामुळे बाहेर पडताना सनस्क्रीन लावावेच लागते.