गण पाडावेत की टाळी द्यावी? प्रौढांना कवितेची लय शिकवताना

प्रौढ वाचक कविता डोळ्यांनी, अर्थासाठी वाचतो. बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळायची त्याला सवय असते आणि वृत्त नेमके तिथेच निसटते. म्हणून सुरुवात कशाने करायची, याला महत्त्व आहे.

गण पाडणे म्हणजे अक्षरे लघू (आखूड) की गुरू (लांब) ते ठरवून त्यांचे तीन-तीनांचे गट करणे. 'यमाताराजभानसलगा' हे गणांचे सूत्र शाळेत घोकलेल्यांना ते ओळखीचे वाटते. 'उन्हातून चालून आली दुपारी' ही ओळ घ्या. य य य य (य म्हणजे लघू-गुरू-गुरू), भुजंगप्रयात वृत्त, अक्षरे 12. बोलताना मात्र 'उन्हातून्', 'चालून्' होते आणि कानाला 10च ऐकू येतात. शिवाय 'न्ह' जोडाक्षर दिसले की आधीचा 'उ' गुरू धरायचा मोह होतो. त्यावर आघात येत नाही, म्हणून तो लघुच. या पद्धतीचा धोका असा की, कागदावर खुणा बिनचूक आणि म्हणायला सांगितले की गद्य! पण अक्षरगणवृत्तात, म्हणजे गणांचा क्रम ठरलेल्या वृत्तात, ओळ कुठे मोडली हे बोट ठेवून दाखवायला दुसरे साधन नाही.

टाळीचे तसे नाही, तिथे चूक आधी कानाला टोचते. 'ढगात काळ्या वीज चमकली' : 16 मात्रा (लघूची 1, गुरूच्या 2), दर 4 मात्रांच्या सुरुवातीला टाळी, म्हणजे ढ, का, वी, म यांवर. शेवटची टाळी शब्दाच्या पोटात पडते. नवखा ती 'च'वर देतो. मग 'वीज'ला 3 मात्रा, 'चमकली'ला 5, आणि ओळ लंगडते. उपाय सोपा: आधी बोटाने मात्रांचे 16 ठोके, मग दर चारांतल्या पहिल्याला टाळी, शेवटी हात बंद ठेवून नुसते म्हणणे. उणीव एवढीच, की टाळी गाठायला लोक लघू खुशाल ताणतात.

अक्षरे मोजणे सर्वांत सोपे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अक्षरे 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरूची कटकट नाही. बुजलेल्यांचा पहिला तास छान जातो, पण वजन ऐकायला यातून शिकता येत नाही.

अक्षरगणवृत्तात गझल किंवा श्लोक लिहायचे असतील तर गणांना पर्याय नाही. नुसता मुक्तछंद वाचणाऱ्यांनी ते सोडले तरी चालेल. बाकी सगळ्यांसाठी आमचे मत टाळीला. गण तिसऱ्या-चौथ्या तासाला आणा, आणि पहिली खूण करण्याआधी ओळ दोनदा मोठ्याने, शेवटचा 'अ' न गिळता म्हणून घ्या.