गरम दुधाची डिग्री आणि माझे १८,९२८ रुपये

दूधवाल्यानं मला दुधात किती रुपयांना बुडवलं ती रक्कमच आधी सांगतो, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. १८,९२८ रुपये. आणि मी हायस्कूलात २९ वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस आहे. 'तापमान वाढलं की पदार्थ प्रसरण पावतो, घनता कमी होते' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. पाण्याचं ४ अंशांचं असंगत आचरण मुलांकडून घोकून घेतलं. आणि दूध द्रव असतं, हेच विसरलो.

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मलप्रभेकाठी आमचं गाव. रिटायर झाल्यावर दोन गाई घेतल्या. सकाळी ८ लिटर, संध्याकाळी ६. घरापासून पाच मिनिटांवर एक खासगी दूधवाला संकलन करतो, तिथं गेल्या जूनपासून घालायला लागलो. दर लिटरला ३३ रुपये, पण डिग्री २६ च्या खाली गेली की २७. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा; ही काचेची दांडी दुधात तरंगते आणि दूध किती दाट ते दाखवते. पहिल्याच दिवशी त्यानं लॅक्टोमीटर सोडला आणि म्हणाला, "सर, चोवीस की वो. पाणी पडलंय बघा." रोज तेच. वर दोनदा ५००-५०० रुपये दंड.

काटा मारणारे, फेसासकट माप भरणारे आपल्याला माहीत आहेत. हा तसला नव्हता. माप चोख, लॅक्टोमीटरही खरा, म्हणूनच मी गाफील राहिलो. लबाडी एवढीच, की तो १५.५ अंशांना जुळवलेला लॅक्टोमीटर ३५ अंशांच्या दुधात सोडायचा. दांडीवर '६०° फॅ.' (म्हणजे तेच १५.५ सेल्सियस) असं बारीक छापलेलं होतं. रोज डोळ्यांसमोर होतं. चष्मा होता माझ्याकडे!

तापमान एका अंशानं वाढलं की लॅक्टोमीटरची डिग्री साधारण ०.२ नं घटते. ३५ वजा १५.५ म्हणजे १९.५, त्याचे झाले ३.९. माझं २४ चं दूध खरं २८ चं होतं. पुढं हेच दूध ४ अंशांना गार करून तो डेअरीला पाठवायचा, तिथं ते उत्तम ठरायचं. घेताना गरम, विकताना गार.

नोव्हेंबरातली ती सकाळ मात्र मला झोपू देत नाही. गाडी पंक्चर झाली, कॅन दोन तास थंडीत रस्त्याकडेला उभा. पोचलो तर डिग्री २७! त्याच गाई, तोच चारा. तो हसत म्हणाला, "आज पाणी घालायला विसरला काय वो सर?" आणि मीही हसलो. हसलो! आठवीतल्या पोरानं विचारलं असतं, सर, थंड झाल्यावर कसं वाढलं? मी काय केलं? घरी येऊन वहिनीला विचारलं, "आज धार काढताना बादलीत पाणी नव्हतं ना?" पंधरा वर्षं गोठा सांभाळणारी बाई. ती काही बोलली नाही, बादली उपडी घातली आणि आत गेली.

३१ डिसेंबरला बेळगावहून १८० रुपयांचा लॅक्टोमीटर आणि एक थर्मामीटर आणला. एकाच धारेचं दूध दोन भांड्यांत घेतलं. फेस निवू दिला (हवेनंही डिग्री पडते, ताज्या फेसाळ दुधात बघू देऊच नका). एक गरम पाण्यात धरून ३५ वर ठेवलं, दुसरं फ्रीजमध्ये १६ वर आणलं. २४ आणि २८. ओट्यावर शेजारी शेजारी.

हिशेब: २१४ दिवस, १४ लिटर, लिटरमागं ६ रुपये म्हणजे १७,९७६. पंक्चरच्या सकाळचे ४८ वजा, दंडाचे १,००० अधिक.

मग कचेऱ्या. पहिल्या ठिकाणी म्हणाले माप बरोबर आहे, लॅक्टोमीटर बरोबर आहे, मग तक्रार कसली? मी घनता समजवायला लागलो तर साहेब मोबाईल बघत होते. दुसरीकडे मराठी अर्ज परत, "कन्नडात आणा". टायपिंगचे ६० रुपये भरून आणला, तर म्हणे भेसळ असेल तर नमुना द्या. अहो, भेसळ नाही हीच तर तक्रार! ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, तुम्ही विकणारे, ग्राहक नव्हे. पोलीस चौकीत 'लेखी करार आहे काय?' पाच आठवडे, बसभाडं ७४० रुपये, आणि अर्ज 'पुढं पाठवलाय'. कुठं, ते कोणी सांगत नाही. पेट्रोल पंपावर घनता १५ अंशांवर आणून लिहितात. माझ्या स्कूटरच्या पेट्रोलला जो न्याय, तो माझ्या दुधाला नाही.

दुधाच्या कार्डावर डिग्रीशेजारी तापमान लिहून घ्या. लिहीत नसेल तर तिथं दूध घालू नका. २७ अंश तापमानाला जुळवलेलेही लॅक्टोमीटर मिळतात, तेव्हा आधी दांडी वाचा. आणि घरच्या माणसाला विचारायच्या आधी थर्मामीटरला विचारा.

दूधवाल्यानं 'चूकभूल' म्हणून २,००० परत दिले, तेही दोन हप्त्यांत. वहिनी अजून गोठ्यात येत नाही. धार मी काढतो, आणि तांबडी लाथ मारते.