थाइमचं बियाणं : आठ महिन्यांनंतर, पाकिटावरच्या एका ओळीबद्दल

थाइमच्या, म्हणजे स्वयंपाकात घालायच्या एका सुगंधी पाल्याच्या, बियाण्याचं पाकीट आणल्यावर सहाव्या आठवड्यातच मी 'बियाणं भाकड आहे, घेऊ नका' असं लिहायला बसले होते. लिहिलं नाही ते बरं झालं, कारण बियाणं उत्तम निघालं. खोटी निघाली ती पाकिटामागची एक ओळ : 'बी अर्धा इंच खोल पेरावे.'

थाइमचं बी ज्यांनी तळहातावर घेतलंय त्यांना माझा राग समजेल. टाचणीच्या डोक्याहून लहान, तपकिरी दाणे, एका ग्रॅममध्ये हजारो मावतात. अर्धा इंच माती फोडून वर यायचं तर एवढ्याशा दाण्याजवळ शिदोरी ती किती असणार! शिवाय हे बी उजेडात जास्त चांगलं रुजतं. छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असेल, असं समजून मी पट्टी लावून खोली मोजली. पाच आठवडे रोज सकाळी ट्रे पाहिला, एकही कोंब नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'पाणी जास्त झालं असेल.' खोलीबद्दल दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच वाक्य परत आलं.

नवं पाकीट घ्यायचं जिवावर आलं. पाकिटात चिमूटभर बी उरलं होतं, त्यातले दहा दाणे मोजून ओल्या टिश्यू पेपरवर ठेवले आणि पारदर्शक डबा खिडकीत ठेवला. बाराव्या दिवशी सात दाण्यांना पांढरी मुळं फुटली होती. बियाण्यावरचा माझा आरोप त्याच दिवशी संपला.

दुसऱ्या पेरणीला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी निम्मी घेतली, आधीच ओली करून ट्रेमध्ये सपाट केली. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरलं, तळहाताने हलकं दाबलं. वर मातीचा कणही नाही. झारीने पाणी घातलं तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी पिऊ दिलं. तापमान वीस अंशांच्या आसपास होतं. सोळाव्या दिवशी ट्रेवर हिरवी धूळ बसल्यासारखी दिसली, आणि खरं सांगते, मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली.

पण ओल टिकावी म्हणून ट्रेवर घातलेलं प्लास्टिक काढायला मला चार दिवस उशीर झाला. एका बाजूची रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. असं करणारी बुरशी दमट, कोंडलेल्या हवेत फोफावते. तेव्हा जास्तीच्या ओलाव्याबद्दल विक्रेता बोलला होता ते अगदीच चूक नव्हतं, फक्त माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

पुढचे दोन महिने रोपं जागच्या जागी असल्यासारखी वाटतात. थाइम आधी मुळं धरतं, त्यामुळे धीर सोडून खत घालू नका. खरी पानं आल्यावर एक पान चुरडलं आणि थेट ओव्याचा वास आला. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं हे ठाऊक होतं, तरी एवढ्याशा पानात इतका दरवळ असेल असं वाटलं नव्हतं.

आज चार झुडपं मातीच्या कुंड्यांत आहेत. सहा तास ऊन, आणि बोटभर माती कोरडी झाल्यावरच पाणी. कापायचं ते कोवळ्या, हिरव्या भागातच. एका झुडपाला मी खाली लाकडापर्यंत कापलं, त्या बाजूला अजून फुटवा नाही.

एकच रोप हवं असेल तर बियांच्या वाटेला जाऊ नका, कुणाकडून तरी कोवळी फांदी आणून लावा, कितीतरी वेळ वाचतो. लिंबाच्या वासाचं थाइम तर फांदीपासूनच करावं, ते बियांपासून हुबेहूब येईलच असं नाही. पुष्कळ रोपं हवी असतील आणि तीन-चार महिने थांबायची तयारी असेल, तर हेच बियाणं मी पुन्हा घेईन.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याचं नवं पाकीट पाहिलं. ती ओळ तशीच आहे. मी पुन्हा कळवलंय, यावेळी रुजलेल्या ट्रेच्या फोटोसकट. माझ्याकडचं उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, पाकिटासकट ठेवलंय. ती ओळ पेनाने खोडून वर लिहिलंय : 'मातीवर भुरभुरा, झाकू नका.'