भिंग की मोठा कागद?

साठी ओलांडल्यावर नजर अधू होऊ लागली की चित्र काढणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. नेहमीचेच माध्यम आणि नेहमीचाच आकार ठेवून भिंग, दिवा नि चष्म्याच्या आधाराने काम चालू ठेवायचे, ही पहिली. आणि उरलेल्या नजरेला झेपेल असा आकार, रंग आणि पद्धत नव्याने निवडायची, ही दुसरी. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आणि दरवर्षी मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले. आता माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूचा, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या भागाचा, ऱ्हास झाला असून जिथे पाहावे तिथेच धुरकट डाग दिसतो. आमच्या शेजारचे पेंटर आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. त्यांना काचबिंदू आहे. आम्ही दोघांनी नेमक्या उलट वाटा धरल्या आणि दोघांचेही काम चालू आहे, म्हणून ही तुलना मांडण्याचे धाडस करतो.

मात्र आधी मोतीबिंदू या तुलनेतून बाहेर काढला पाहिजे. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली परत येत नाही, औषधाने उरलेली तेवढी राखता येते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले, पण शस्त्रक्रिया त्यांनी १९२३ पर्यंत लांबवली. मधल्या काळात रंगाची नळी कोणती हे डोळ्यांवर विसंबून ठरवता येईना, म्हणून ते नळीवरचे नाव आणि रंगांचा ठरलेला क्रम यांवर भिस्त ठेवत. आपल्याकडे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊ शकत असताना ‘पेरणी आटोपली की पाहू’ म्हणत तीन-तीन वर्षे घालवणारे मी पाहिले आहेत. डोळ्यात मोतीबिंदूच असेल तर आधी तो काढावा, भिंग नंतर घ्यावे.

आता भिंगाचे. निवृत्त माणसाची नजर गेली की नातेवाईक भिंग भेट देतात. माझ्या खणात अशी तीन आहेत. भिंग जितके जास्त मोठे करून दाखवते तितके ते कागदाजवळ धरावे लागते आणि तितकाच लहान भाग त्यातून दिसतो. चौपट मोठे करणारे भिंग साधारण सहा सेंटीमीटरवर धरावे लागते, आणि एवढ्या फटीत कुंचला उभा राहत नाही. मी दिव्याचे महागडे भिंग आणून शाळेच्या इमारतीचे जलरंगातले चित्र करायला बसलो, तेव्हा कुंचल्याची दांडी दर फटकाऱ्याला काचेवर आपटत होती. छपरावरची कौले एकेक करून छान जमली. भिंग बाजूला करून मुलाला चित्र दाखवले तेव्हा कळले की अख्खे छप्पर डावीकडे कलले आहे.

पेंटरचे तसे झाले नाही, याचे कारण त्यांच्या आजारात आहे. काचबिंदूत बहुधा नजरेच्या कडा आधी जातात आणि मधली नजर बराच काळ टिकते. त्यामुळे त्यांना बारीक रेघ दिसते, पण मोठा फलक एका नजरेत मावत नाही, अक्षरांची ओळ कुठे संपली ते सापडत नाही. पाट्या सोडून ते तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी रंगवू लागले. वीतभर उंचीचा नंदी हातात फिरवता येतो, डाव्या अंगठ्याने शिंगाची कड चाचपायची आणि उजव्या हाताने रंग ओढायचा. ते स्टँडवर बसवलेले कमी शक्तीचे भिंग वापरतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आकार बदलला तरी आधार भिंगाचाच राहिला, म्हणून त्यांची वाट मी पहिलीच म्हणतो, आणि तीच त्यांना योग्य ठरली.

माझ्यासारख्यांची, म्हणजे मधली नजर गेलेल्यांची, स्थिती उलटी असते. कडेची नजर शाबूत असल्याने आकार, हालचाल आणि उजेड-सावली कळते. चेहरा आणि बारीक रेघ कळत नाही. वस्तूकडे सरळ न पाहता जरा बाजूला पाहिले की ती दिसते. ही सवय लागायला मला एक अख्खा पावसाळा गेला. अशा नजरेला मोठा कागद मानवतो, कारण काम मोठे असले आणि आपण त्याच्या जवळ उभे राहिलो की भिंगाशिवायच ते मोठे दिसते. अंतर निम्मे केले तर आकार दुप्पट. मी आता गेरूने सारवलेल्या भिंतीवर चुन्याने काढतो. तांबड्यावर पांढरे ठळक उठून दिसते, आणि चुकले तर ओला बोळा फिरवता येतो.

रंग निवडताना आपले हवामानही पाहिले पाहिजे. जलरंगाच्या फिकट, पारदर्शक कडा अधू नजरेला सर्वांत आधी दिसेनाशा होतात, म्हणून मी ते सोडले. ॲक्रिलिक ठळक असते, परंतु पारा पंचेचाळीसवर गेला की पॅलेटवरच काही मिनिटांत त्याची साय धरते. नजर चांगली असणारा घाई करू शकतो, आपण करू शकत नाही. तैलरंग सावकाश वाळतो, पुसता येतो आणि त्याचा थर बोटाला लागतो, म्हणून उन्हाळ्यात मी त्यालाच पसंती देईन. फक्त टर्पेंटाइनच्या वासामुळे छपरीत बसावे. रंगाच्या बाटल्या ओळखायला रबर लावू नये, मे महिन्यात ते चिकट होऊन तुटते. मी सुतळी बांधतो : तांबड्याला एक गाठ, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन. बाह्यरेषा बोटाला सापडावी म्हणून फेव्हिकॉलची बारीक धार सोडून रात्रभर वाळू देतो.

दुसऱ्या वाटेने कलेची पातळी खाली येते, असे मला अनेकांनी ऐकवले. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची नजर पन्नाशी ओलांडल्यावर एका अयशस्वी शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली; त्यानंतर ते रंगीत कागद कापून चित्रे करत राहिले आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी फरशांचे भित्तिचित्र उभे केले. अमेरिकेच्या चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ यांना माझाच आजार होता. १९७२ नंतर त्यांनी मदतनीसाशिवाय तैलचित्र केले नाही, पण मातीची भांडी घडवायला त्या शिकल्या. अशा कामाला कमी प्रतीचे म्हणणे मला पटत नाही.

खर्चाआधी पंधरा दिवस घरीच पडताळा घ्यावा. एक डोळा झाकून चौकटीच्या वहीच्या पानाकडे पाहावे आणि मग दुसरा झाकून पुन्हा पाहावे. मधल्या चौकटी वाकड्या किंवा पुसट दिसल्या तर डॉक्टरांकडे लगेच जावे, आणि काम मोठे करावे. काचबिंदूचा मात्र असा घरगुती पडताळा नाही, कारण कडा जात असल्याचे माणसाला फार उशिरा उमगते. तो तपासूनच घ्यावा लागतो, आणि निघाला तर काम हातात मावेल एवढे ठेवावे. दोन्ही आजार एकत्र असतील तर भिंग आणि भिंत दोन्ही लागतील. पेंटरांच्या परवाच्या तपासणीत तसेच निघाले आहे, आणि यंदा पोळ्याच्या नंद्यांना डोळे काढायचे काम त्यांनी नातीकडे दिले आहे.