युरोपचे दोन कायदे आणि कामगाराचा हक्क
युरोपीय संघाचा 2024 मधला कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा आधी यंत्रणेकडे पाहतो: नोकरभरती वा बढती ठरवणाऱ्या प्रणालींना तो उच्च जोखमीच्या मानतो आणि कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून वा आवाजावरून भावना ओळखण्यावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी 2025 पासून बंदी घालतो. 2024 मधलाच प्लॅटफॉर्म-कामाविषयीचा, म्हणजे ॲपमार्फत मिळणाऱ्या कामाविषयीचा, निर्देश मात्र माणसापासून सुरू होतो. जेवणाची पिशवी पाठीवर असतानाच ज्याचे ॲपवरील खाते बंद पडते, त्या डिलिव्हरी कामगाराला लेखी कारण मिळाले पाहिजे, त्याला फेरविचार मागता आला पाहिजे आणि मुळात तो निर्णय माणसानेच घेतलेला असला पाहिजे, असे तो बजावतो. सदस्य देशांना हा निर्देश आपापल्या कायद्यात आणण्यासाठी डिसेंबर 2026 पर्यंत मुदत आहे. मला हाच हक्क अधिक मोलाचा वाटतो. तो गोदामातल्या पगारी कामगारापर्यंत पोहोचत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.